पी०४२० कोड: कॅट बदलण्याआधी खरं कारण कोणत्या क्रमानं शोधायचं

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडचे एक काका गाडी घेऊन आले. "मिस्त्री, लाईट परत आल्या बघा," एवढंच म्हणाले. म्हणजे पी०४२० कोडची, डॅशबोर्डवरची चेक इंजिन लाईट. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी दुसरीकडे नवं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारं कॅट, बसवून घेतलं होतं, आणि त्याच्याही आधी मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलला होता. इंजिन ऑईल पीत होतं. ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही खर्च पाण्यात गेले आणि नवं कॅटही जुन्याच्याच वाटेनं गेलं.

असे ग्राहक दर महिन्याला येतात. काही बेळगाव-चिक्कोडीकडच्या केए-२२ आणि केए-२३ चे, काही कागलकडून येणारे एमएच-०९ चे. सगळ्यांची चूक एकच असते: कोडचं नाव वाचून पार्ट मागवला जातो. पुढं दिलेला क्रम पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलच्या धूर-यंत्रणेची तपासणी वेगळी असते, ती इथं घेतलेली नाही.

कोड नेमकं काय म्हणतो

पी०४२० म्हणजे बँक १ (सिलिंडरची पहिली रांग) मधल्या कॅटची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली आहे, असा ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, निष्कर्ष. आपल्याकडच्या तीन आणि चार सिलिंडरच्या गाड्यांत बहुधा एकच बँक असते. ईसीयू धुरातले वायू मोजत नाही. कॅटच्या पुढं एक आणि मागं एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, त्यांच्या सिग्नलची तो तुलना करतो. चांगलं कॅट ऑक्सिजन साठवतं आणि लागेल तसा सोडतं. म्हणून पुढच्या सेन्सरचा सिग्नल वर-खाली नाचत असला तरी मागच्याची रेष शांत राहते. मागची रेषही पुढच्यासारखी नाचू लागली की ईसीयू कॅटवर ठपका ठेवतो.

हा ठपका चुकीचा असू शकतो. सायलेन्सरच्या पाईपला भोक असेल, मिश्रण बिघडलेलं असेल किंवा वायर कुरतडलेली असेल, तरी मागची रेष हलते. कॅट खरोखर गेलेलं असलं तरी ते बहुतेक वेळा दुसऱ्या कशामुळे तरी गेलेलं असतं. म्हणजे प्रश्न दोन आहेत: कॅट खराब आहे का, आणि असेल तर ते कशानं खराब झालं? दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत नवं कॅट मागवू नका.

टप्पा १: कोड पुसण्याआधी सगळं उतरवून घ्या

सर्वात जास्त नुकसान इथं होतं. स्कॅनर लावला की हात आधी 'क्लिअर' कडे जातो. कोडसोबत ईसीयूनं त्या क्षणाची नोंद ठेवलेली असते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ती नोंद जाते. बॅटरीचं टर्मिनल काढलं तरी बहुतेक गाड्यांत तेच होतं.

हाताशी एवढं असू द्या: लाईव्ह डेटाचा ग्राफ दाखवणारा स्कॅनर किंवा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाईल, मल्टिमीटर, टॉर्च, साबणाचं पाणी, वही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला अडॅप्टर लावायचा. अगदी स्वस्त अडॅप्टर कोड वाचतात, पण ग्राफ इतका अडखळत दाखवतात की दोन सेन्सरची तुलना करता येत नाही. घेण्याआधी ग्राफ चालवून बघा.

वहीत लिहा: सगळे कोड, पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोडसुद्धा, आणि फ्रीझ फ्रेममधला वेग, आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूनं पेट्रोल त्या क्षणी आणि सरासरीनं किती टक्के वाढवलं-घटवलं ते).

कूलंटच्या आकड्याकडे खास लक्ष द्या. तासभर चाललेल्या गाडीत तो ८५ ते ९५ अंशांच्या आसपास हवा. ६५-७० दिसला तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल. आपल्याकडे तर "गाडी गरम होते" म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकलेल्या गाड्याही भेटतात. इंजिन थंड राहिलं की जास्त पेट्रोल ओढतं आणि कॅटवर भार येतो. असं दिसलं तर पुढं जाण्याआधी थर्मोस्टॅट बसवा.

तपासणी: फ्रीझ फ्रेमचा फोटो काढला? नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

टप्पा २: गाडीची हकिकत विचारा

दहा मिनिटं बोलण्यात घालवा. मी हे ठरलेले प्रश्न विचारतो:

ऑईल बदलण्याच्या मध्ये वरून ऑईल घालावं लागतं का? कोणतं घालता? ऊसपट्ट्यात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं डिझेल इंजिनचं ऑईल घरच्या पेट्रोल कारमध्ये ओतलेलं मी कितीदा पाहिलंय. त्यात फॉस्फरस आणि जस्ताचं प्रमाण सहसा जास्त असतं. इंजिन थोडं जरी ऑईल जाळत असलं, तरी त्याची राख कॅटच्या जाळीवर थर धरते.

कूलंट कमी होतं का? गाडी कधी उकळली होती का?

लाईट आधी कधी लुकलुकत होती का? सतत पेटलेली लाईट आणि लुकलुकणारी लाईट यांत फरक आहे. लुकलुकते तेव्हा इंजिन जोरात मिसिंग करत असतं, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं.

गाडी कुठं चालते? घरापासून बेळगावचा खडेबाजार आणि परत एवढंच रोजचं चालणं असेल तर कॅट पुरतं तापतच नाही. साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढं ते काम सुरू करतं.

सीएनजी किट कंपनीचं की बाहेरून बसवलेलं? कोड पेट्रोलवर येतो की गॅसवर? गेल्या काही महिन्यांत एक्झॉस्टचं किंवा इंजिन हेडचं काम झालंय का? खोल पाण्यातून गाडी गेली होती का? तापलेल्या कॅटवर गार पाण्याचा लोट आला तर आतली सिरॅमिकची जाळी तडकते.

टप्पा ३: सोबतचे कोड आधी मिटवा

पी०४२० एकटा आहे की सोबत कुणी आहे, यावर पुढची दिशा ठरते.

पी०३०० ते पी०३०४ हे मिसिंगचे कोड. प्लग, कॉईल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन या क्रमानं बघा. सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर मिसिंग करतो. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०१७२ म्हणजे घट्ट. पी०१३५ आणि पी०१४१ हे पुढच्या आणि मागच्या सेन्सरच्या हीटरचे. पी०१२८ थर्मोस्टॅटकडे बोट दाखवतो.

यातला एकही असेल तर पी०४२० बाजूला ठेवा. आधी तो दोष काढा, मग कोड पुसा, तीन-चार दिवस गाडी चालवा. बऱ्याच गाड्यांत पी०४२० परत येत नाही.

इशारा: मिसिंग चालू असताना "कॅट बघू नंतर" म्हणत गाडी पळवू नका. जळणारं पेट्रोल आतलं तापमान हजार अंशांच्या वर नेतं आणि जाळी वितळते. सुटं झालेलं कॉईलचं कनेक्शन वेळेत दाबलं नाही तर त्याचं बिल कॅटच्या किमतीत येतं.

टप्पा ४: एक्झॉस्टची गळती

इंजिन थंड असताना हे काम करा. सकाळी पहिल्यांदा सुरू करताच मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पाईपांजवळ) टिक-टिक आवाज येतो का ऐका. धातू तापून फुगला की बारीक फट बुजते आणि आवाज जातो, म्हणून दुपारी ऐकून उपयोग नाही. टॉर्चनं मॅनिफोल्ड गॅस्केट, जाळीचा लवचिक पाईप, जोडाचे नट आणि दोन्ही सेन्सरचे आटे बघा. काळ्या काजळीचा पट्टा दिसला की गळती तिथंच.

काजळी दिसली नाही तर गाडी बंद असताना व्हॅक्यूम क्लीनरचं हवा फेकणारं तोंड सायलेन्सरच्या टोकाला कापडानं घट्ट लावा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. फुगे येतील तिथं फट आहे. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात आणि चिखलात राहणाऱ्या गाड्यांचे पाईप आणि वेल्डिंगचे जोड लवकर गंजतात. तिकडच्या गाडीत ही तपासणी कधीच टाळू नका.

गळती पुढच्या सेन्सरच्या आधी असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. मागच्या सेन्सरजवळ असेल तर त्याची रेष थेट बिघडते. दोन्ही वेळा कॅट निर्दोष असू शकतं.

गाडीखाली वाकलाच आहात तर कॅटच्या खोक्यावर पोचा आहे का तेही बघा. गावातले रंग न दिलेले गतिरोधक खालच्या बाजूच्या कॅटला ठोकर देतात. रबरी हातोडीनं हलकं ठोका. आत खडखडलं तर जाळी सुटली आहे.

टप्पा ५: फ्युएल ट्रिम वाचा

इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म यांची बेरीज आयडलिंगला आणि मग २५०० आरपीएमला लिहून घ्या. बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर मिश्रण ठीक समजा. ई२० पेट्रोलवर जुन्या गाडीत तीन-चार टक्के अधिक दिसणं नैसर्गिक आहे, कारण इथेनॉल वाढलं की तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं.

आयडलिंगला अधिक १८ आणि २५०० ला अधिक ५ असं काही दिसलं तर इनटेकच्या बाजूनं हवा घुसते आहे. होज, इनटेक गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी बघा. उलट, आयडलिंगला ठीक आणि घाट चढताना वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर चुकतोय. ट्रिम बराच उणे असेल तर गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), चुकलेला मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) यांच्यावर संशय घ्या.

सीएनजी गाडीत ही मोजणी दोन्ही इंधनांवर वेगवेगळी करा. बाहेरून बसवलेल्या किटचं मॅपिंग चुकलं असेल तर पेट्रोलवर सगळं ठीक आणि गॅसवर ट्रिम पंधराच्या पुढं असं चित्र दिसतं. तो दोष किट बसवणाऱ्याकडून नीट करून घ्यायचा. कॅट बदलून तो जाणार नाही.

तपासणी: ट्रिम दहाच्या आत येईपर्यंत टप्पा ७ ला हात लावू नका. बिघडलेल्या मिश्रणावर कॅटची परीक्षा घेतली की उत्तर चुकतं.

टप्पा ६: मागचा सेन्सर खोटं बोलतोय का?

मागचा सेन्सर बदलून बघू, हा सल्ला सगळीकडं मिळतो. वापरानं सुस्त झालेला मागचा सेन्सर सहसा हा कोड आणत नाही. त्याची रेष संथ होते, त्यामुळे खराब कॅटसुद्धा चांगलं दिसतं. म्हणून जुन्या गाडीत नवा सेन्सर घातल्यावर कधी कधी कोड उलट लवकर येतो. खरा दोष सेन्सरमध्ये नसून वायरीत असण्याची शक्यता जास्त. शेतघरात उभ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, आणि पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. कनेक्टर उघडा, पिना बघा, वायर हातानं हलवत ग्राफ उडी मारतो का पाहा.

सेन्सरची कसोटी रस्त्यावर घ्यायची. शेजारी दुसरा माणूस बसवा आणि स्कॅनर त्याच्या हातात द्या. चालवणाऱ्यानं मोबाईलकडे बघायचं नाही. वंटमुरी घाटाचा उतार यासाठी उत्तम आहे, निपाणीकडच्यांना तवंदी घाट जवळ पडतो. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर बंद होतात आणि मागच्या सेन्सरचं व्होल्टेज काही सेकंदांत ०.१ च्या जवळ खाली यायला हवं. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं की ०.७५ च्या वर जायला हवं. दोन्ही टोकं गाठत असेल तर सेन्सर खरं बोलतोय.

सेन्सर काढलाच तर टोक बघा. काळी कोरडी काजळी असेल तर मिश्रण घट्ट. पांढरट थर असेल तर कूलंट किंवा चुकीचं सिलिकॉन सीलंट. तेलकट काळेपणा असेल तर ऑईल.

टप्पा ७: आता कॅटची परीक्षा

इशारा: गाडी मोकळ्या हवेत आणि साफ जमिनीवर उभी करा. बंद शेडमध्ये नको, कार्बन मोनॉक्साईडचा वास येत नाही. वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर तर मुळीच नको, तापलेल्या कॅटनं ते पेट घेतं.

वीस मिनिटं गाडी चालवून आणा. मग २५०० आरपीएमवर तीन मिनिटं धरा आणि दोन्ही सेन्सरचे ग्राफ एकत्र बघा. पुढचा साधा सेन्सर असेल तर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर नाचेल. मागचा ०.६ ते ०.८ च्या दरम्यान जवळजवळ स्थिर हवा. तो पुढच्याच तालात नाचत असेल तर कॅटची ऑक्सिजन साठवण्याची ताकद संपली.

बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाईडबँड असतो. त्याचा आकडा असा नाचत नाही, काही स्कॅनरवर तो लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे बरोबर) म्हणून दिसतो. तिथं फक्त मागच्याच्या रेषेवर लक्ष ठेवा.

स्कॅनरमध्ये मोड सहा असेल तर जरूर उघडा. कॅटच्या चाचणीचा प्रत्यक्ष आकडा आणि त्याची मर्यादा तिथं दिसते. मर्यादेच्या जेमतेम पलीकडं असलेली गाडी आणि फार पलीकडं गेलेली गाडी यांचा निर्णय वेगळा होतो. पहिल्या प्रकारात मी आधी सर्व्हिस सेंटरला ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट आहे का विचारायला लावतो.

पीयूसी केंद्रावरच्या वायू-मापक यंत्राचीही मदत घ्या. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला सीओची मर्यादा ०.३ टक्के आणि एचसीची २०० पीपीएम आहे. लॅम्बडा १ च्या जवळ असूनही सीओ आणि एचसी दोन्ही चढलेले असतील तर कॅट काम करत नाही, हा स्वतंत्र पुरावा मिळाला. यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये खरोखर घातली होती ना, एवढं स्वतः उभं राहून बघा.

थर्मामीटर गननं कॅटच्या पुढचं-मागचं तापमान मोजण्याची पद्धत मी फक्त आधाराला ठेवतो. आताची इंजिनं इतकी स्वच्छ जाळतात की फरक कधी कधी दिसतच नाही. नुसत्या त्यावरून निकाल देऊ नका.

पिकअप मेला असेल, गाडी घाटात गुदमरत असेल, तर कॅट तुंबलेलं असू शकतं. तो वेगळा आजार आहे आणि पी०४२० शिवायही होतो. पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. आयडलिंगला साधारण १.२५ पीएसआय आणि २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर जायला नको.

टप्पा ८: कॅट गेलं, आता ते कशामुळे?

परीक्षेत कॅट नापास झालं तरी पार्ट मागवायला अजून वेळ आहे. चार संशयित आहेत.

ऑईल: डिपस्टिकवर खूण करून १००० किलोमीटर चालवा आणि परत मोजा. रात्रभर उभ्या गाडीतून सकाळी निळसर धूर आला तर व्हॉल्व्ह सील, चढावर आला तर रिंग. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली ऑईलची वाफ परत ओढून घेणारा) तुंबला असेल तरी ऑईल ओढलं जातं, आणि तो स्वस्तात बदलतो. पहिल्यांदा तोच बघा.

कूलंट: टाकी हळूहळू रिकामी होते आणि बाहेर थेंब दिसत नाही, तर हेड गॅस्केट तपासा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालणाऱ्यांच्या गाड्या उकळतात आणि मग गॅस्केट जातं. ही साखळी मी अनेकदा पाहिली आहे.

मिसिंग: जुने कोड, जुने प्लग, बदललेल्या कॉईलची बिलं बघा. दोष मिटला असेल तर कॅट बदलायला हरकत नाही.

वय: दीड-दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत वरचं काहीच सापडलं नाही तर कॅट आयुष्य भरून गेलं. तिथं दुसरा अपराधी शोधत बसू नका.

टप्पा ९: बदलताना आणि नंतर

आधी वॉरंटीची पुस्तिका उघडा. मग नवं कॅट त्याच इंजिनसाठी आणि त्याच बीएस पातळीसाठी आहे का बघा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत कुठलंही स्वस्त सर्वसाधारण कॅट घातलं की कोड परत यायला वेळ लागत नाही. त्यात मौल्यवान धातू कमी असतात. जुनं कॅट मागून घ्या. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियममुळे त्याला भंगारातही चांगली किंमत येते आणि तो पैसा तुमचा आहे.

मागच्या सेन्सरला स्पेसर (त्याला धुरापासून मागे ओढणारा तुकडा) लावून लाईट विझवणं किंवा आतली जाळी फोडून रिकामा डबा बसवणं, हे काम मी करत नाही आणि तुम्हीही करवून घेऊ नका. तो धूर आपल्याच गल्लीत पोरांच्या छातीत जातो. मोटार वाहन कायद्यात हवा-प्रदूषणाच्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंडही आहे.

बसवताना गॅस्केट नवीनच वापरा. सेन्सरच्या आट्याला लावायचं ग्रीस टोकाला लागू देऊ नका. मग कोड पुसा आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनपासून सुरुवात करा. बेळगावहून काकती, हत्तरगीमार्गे संकेश्वरपर्यंत महामार्गावर ७०-८० च्या एकसारख्या वेगानं जा, मध्ये दोन-तीनदा ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप मंदावू द्या. स्कॅनरमध्ये कॅटॅलिस्ट मॉनिटर (ईसीयूनं स्वतः घेतलेली कॅटची चाचणी) 'पूर्ण' दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका. अनेक गाड्यांत लाईट लागायला सलग दोन फेऱ्यांत दोष सापडावा लागतो, म्हणून लाईट नसली तरी पेंडिंग कोड बघा.

खानापूरच्या काकांच्या गाडीत पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्ह सील बदलले, १००० किलोमीटरला डिपस्टिक मोजली, ऑईल जागचं हललं नव्हतं. त्यानंतरच तिसरं कॅट बसवलं. वहीत त्यांच्या पानावर मोड सहाचा आकडा लिहून ठेवलाय. दर सर्व्हिसिंगला तो परत बघतो.